न्याहारीवरचा पहारा

माझ्या पोटच्या पोराने माझ्यावर कॅमेरा लावला. घरात चोरी झाली नव्हती, शेजारी भांडखोर नव्हते, दारात नवीकोरी गाडीही उभी नव्हती. कॅमेरा लागला तो स्वयंपाकघरात, मायक्रोवेव्हच्या डोक्यावर, आणि त्याचं तोंड होतं जेवणाच्या टेबलाकडे. कशासाठी? तर मी माझ्या अडीच वर्षांच्या नातीला सकाळची न्याहारी नीट देते की नाही, हे पाहण्यासाठी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळला. शाळेत खिचडी शिजली की आधी मी चाखायची आणि मग पोरांना वाढायची. रडकी, हट्टी, ताट पालथं करणारी, घास गालात धरून बसणारी, सगळ्या तऱ्हेची पोरं माझ्या हाताखालून गेली. साहेब तपासणीला यायचे तेव्हा आदल्या दिवशी कुठून तरी निरोप यायचाच. निदान वर्ग झाडून घ्यायला वेळ मिळायचा. इथं मुलाच्या घरात मला तेवढीही सवलत नव्हती.

निवृत्तीनंतर मी लासूर स्टेशनला आमच्या घरी सुखात होते. नवरा, थोडंसं शेत आणि एक म्हैस. मुलगा आणि सून संभाजीनगरात, सून शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आणि मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कंपनीत. नातीला आधी पाळणाघरात ठेवत होते. तिथं तिची सर्दी हटेना, ताप जाईना, तेव्हा मुलाचा फोन आला, "आई, तू ये." मी आले. मी राहिले तर सुनेची नोकरी राहणार होती आणि मी गेले तर तिला ती सोडावी लागणार होती. असं कोणी तोंडाने बोललं नाही, पण घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. सुनेला नुकतीच बढती मिळाली होती. मी स्वतः नोकरी करून संसार केलेली बाई आहे. ती नोकरी टिकावी असं मलाही मनापासून वाटत होतं.

आता आमची सकाळ सांगते. नात झोपेत असतानाच दोघं घराबाहेर पडत. मुलगा मोटारसायकलवर सुनेला क्रांती चौकात कंपनीच्या बसपाशी सोडायचा आणि पुढे जायचा. सून काही न खाता निघायची, डबा पिशवीत टाकून. नात उठली की आधी सगळ्या खोल्यांत आईला शोधायची, न्हाणीघराचा दरवाजाही ढकलून बघायची. आई नाही हे पटलं की भोकाड पसरायची. अशा पोरीला मी उंच खुर्चीत बसवायचं, पट्टा लावायचा आणि तिच्यापुढे केळ्याचं धिरडं ठेवायचं. त्याला हे लोक पॅनकेक म्हणतात. सोबत वाफवलेल्या सफरचंदाच्या फोडी. भरवायचं नाही, तिचं तिनं उचलून खायचं. बिस्किट नाही, चहा नाही, गूळ नाही, मोबाइल नाही.

मोबाइलचं मला पटलं. बाकीच्या गोष्टींपुढे मी मान डोलावली आणि माझं तेच केलं. कारण ते धिरडं पोरगी खात नव्हती. ती ते टेबलाखाली टाकायची, मग खाली वाकून ते कुठं पडलं ते बघायची आणि मग पुन्हा रडायची. मी किती दिवस फरशी पुसायची? एक दिवस मी पट्टा सोडला, तिला खाली जमिनीवर घेतलं, गरम पोळी कुस्करली, तूप-गूळ घातला आणि मलिदा करून भरवायला बसले. हा घास चिऊचा, हा काऊचा, हा लासूरच्या आजोबांचा, हा मम्मीचा. ज्याच्या नावाचा घास, त्याच्या वाट्याचं पोरगी खाऊन टाकायची. मग मी म्हणायची, "संपला, शाबास!" आणि ती दुसऱ्या नावासाठी तोंड उघडायची.

पण ती माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाली. संध्याकाळी आई आली की कडेवर चढायची आणि सांगायची, "आजी गूल दिला!" त्यात एकदा डॉक्टरीणबाईंनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि वजन जिथल्या तिथं असल्याचं सांगितलं. घरी आल्यावर दोघं खोलीत बराच वेळ कुजबुजत बसली. रविवारी मुलगा खोक्यातून तो पांढरा गोळा काढून मायक्रोवेव्हवर बसवत होता.

"आई, तुझ्यावर अविश्वास नाही हं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "फक्त आम्हाला कळावं म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अविश्वास नाही तर मग हे काय आहे, देवघर? मी त्याच्या वयाची असताना माझी सासू त्याला सांभाळायची. मी शाळेत जाताना कधी तिला विचारलं नाही की बाई, तू माझ्या पोराला काय चारलंस. पण बोलले काहीच नाही. बोलले असते तर भांडण सुनेशी झालं असतं, आणि माझा राग होता मुलावर.

त्या गोळ्याला बोलताही येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पातेलं उतरवत होते आणि मागून सुनेचा आवाज आला, "आई, पट्टा लावला का तिला?" माझ्या हातातली सांडशी खाली पडली. दूध सांडायचं थोडक्यात वाचलं. नातीने काय केलं असेल? ती आधी दचकली, मग तिचा चेहरा उजळला. मी तिला खाली उतरवलं तशी ती धावत मायक्रोवेव्हपाशी गेली. ओट्याच्या कडेला लोंबकळून, टाचा उचलून तिने मागे बघायचा प्रयत्न केला. मम्मी मागे लपली आहे असं तिला वाटलं होतं.

त्यानंतर न्याहारीचे बारा वाजले. आधी पोरगी निदान आई नाही हे पटल्यावर माझ्याकडे वळायची. आता आई त्या गोळ्यात राहायला आली होती आणि कधीही बोलायची. नात खाणं सोडून त्याच्याकडे बघत बसायची. चहाच्या सुट्टीत सून फोनवरून म्हणायची, "पिल्लू, खा ना राजा." ही म्हणायची, "मम्मी, ये." ती म्हणायची, "मम्मी कामावर आहे ना." मग तिकडे कोणी साहेब आला असेल, आवाज अर्ध्या शब्दात बंद व्हायचा. इकडे आकांत. त्या आकांताचं काय करायचं, ते शेंद्र्याहून कोणी सांगत नव्हतं.

मी संध्याकाळी मुलाला स्पष्ट सांगितलं, "ही वस्तू काढ. हिच्यामुळे पोरगी खात नाही."

"सवय होईल तिला, आई."

"तिला होईल. मला व्हायची नाही. एक दिवस टॉवेल टाकीन मी त्याच्यावर."

तो हसला. पण माझं हे वाक्य त्याने बरोबर लक्षात ठेवलं.

मीही काही कमी नव्हते. त्या डोळ्याला फ्रिजच्या पलीकडचा कोपरा दिसत नाही, हे मी दोन-तीन दिवसांत हेरलं. मग आमचा मुक्काम तिथं हलला. धिरडं टेबलावर देखाव्याला आणि आम्ही आजी-नात फ्रिजच्या आड जमिनीवर मलिद्याचं ताट घेऊन. "आई, ती दिसत नाहीये," असा आवाज आला की मी तिथूनच सांगायची, "खेळतेय." हे लिहितानाही मला संताप येतो. सगळ्या गावाच्या पोरांना उजळ माथ्याने वाढलेली बाई मी, आणि माझ्याच नातीला घास देण्यासाठी मला फ्रिजच्या आड लपावं लागत होतं.

असं चालू असताना तो दिवस उजाडला. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. आठवडा जातो, त्याहून जास्त जातो, आणि येतं तेव्हा कधी येईल याचा नेम नसतो. इथं राहणाऱ्याला सांगायला नको की नळ सुटला की हातातलं काम टाकून पळायचं असतं. त्या सकाळी मी मलिदा कुस्करला, ताट नातीपुढे ठेवलं आणि नळाने फुरफुर सुरू केली. मी म्हटलं, "माय, तू खा गं, मी आलेच." स्वयंपाकघराला लागूनच मागची गॅलरी आहे, हाकेच्या अंतरावर. तिथं ड्रम लावला, मोटर सुरू केली. मोटरीचा आवाज असा की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. मोबाइल राहिला पलंगावर. ड्रम, बादल्या, पिंप, सगळं भरून मी आत आले तर पोरगी फ्रिजच्या आड फतकल मारून बसलेली, ताट चाटूनपुसून स्वच्छ आणि दोन्ही हात तुपाने चमचमलेले. माझा जीव हरखला. एकटीने सगळं ताट संपवलं! मी तिचे हात धुतले, पापा घेतला आणि कौतुकाने मनात म्हटलं, बघा म्हणावं आता. पण त्या गोळ्याकडे मात्र मी बघितलं नाही. त्याच्याकडे मान वळवायचीच नाही, हे मी पहिल्या दिवसापासून पाळलं होतं.

खोलीत गेले तर मोबाइलवर मुलाचे आणि सुनेचे न उचललेले फोनच फोन. हातात घेतला तेवढ्यात पुन्हा वाजला. मुलगा होता.

"आई, कॅमेरा का झाकलास?"

"काय झाकलं?"

"आई, प्लीज. इथं काहीच दिसत नाहीये, सगळं काळं. टॉवेल टाकीन म्हणाली होतीस ना तू? टाकलास शेवटी."

"मी हातसुद्धा लावला नाही."

"मग फोन का उचलत नव्हतीस? तिला काही लागलंय का? पडलीय का? खरं सांग."

खरं सांग. हे मला. ज्या पोराला मी अक्षर गिरवायला शिकवलं, ज्याने पाटी फोडली की मी कमरेवर हात ठेवून त्याला हेच दोन शब्द म्हणायची, तो आज मला म्हणत होता की खरं सांग. मी एवढंच म्हटलं, "पोरगी ठणठणीत आहे."

"ती निघालीय तिकडून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. बढतीनंतर पहिलीच मोठी तपासणी होती आज तिच्या विभागात. तुला कळतंय का?"

"कळतंय," मी म्हटलं. "ती आली की मीही निघते."

फोन ठेवला आणि पिशवी काढली. दोन साड्या, गोळ्यांचा डबा, चष्म्याची पेटी. नात मागेमागे फिरत होती आणि मी पिशवीत टाकलेला टॉवेल काढून डोक्यावर घेत होती. मी नवऱ्याला फोन लावला.

"मी येतेय घरी. कायमची."

"ये की," तो म्हणाला. "घर तुझंच हाय. पर झालं काय?"

मी सांगितलं. तो म्हशीजवळ असावा, घंटी वाजत होती.

"लई वाईट बोलला पोरगा," तो म्हणाला. "पर तू आलीस तर सूनबाईची नोकरी जातीय, व्हय ना?"

"जाऊ द्या. मी काय जन्मभर चोरासारखी राहू?"

"तसं नाय म्हणत मी." पलीकडे पुन्हा घंटी वाजली. मग म्हणाला, "तू सकाळी खाल्लं का काही?"

"हे काय विचारणं झालं?" मी तडकले आणि फोन बंद केला. पण खाल्लं नव्हतं. त्या दिवशीच नाही, कधीच नव्हतं. पोरीचं आटोपलं की ओट्याशी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायचं, ही माझी रीत होती. सून उपाशी निघायची, मी उपाशी भरवायची आणि दोघी मिळून एका पोरीला म्हणायचो, खा.

सून रिक्षाने आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, अंगात कंपनीचा शर्ट, पायात बूट तसेच. दारातूनच तिने पोरीला उचललं, कपाळाला हात लावला, डोकं चाचपलं, हातपाय बघितले. पोरगी खिदळत होती. अवेळी आई मिळाल्याचा आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. सुनेने माझ्याकडे पाहिलं, दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"आई," तिने आतून हाक मारली, "हे काय आहे?"

मी गेले. त्या गोळ्याच्या काचेवर मलिद्याचा एक चांगला मोठा घास थापलेला होता. तूप ओघळून मायक्रोवेव्हच्या दारापर्यंत आलं होतं. खाली खुर्ची ओढलेली होती आणि माझ्या अभिमानापायी मला तीसुद्धा दिसली नव्हती.

"मी नाही केलं," मी म्हटलं. आणि असं म्हणावं लागलं याचाच मला जास्त राग आला. पहिलीतली पोरं असंच म्हणायची.

सुनेने मोबाइल काढला. त्यात मागचं दिसतं म्हणे. तिने बोटाने सरकवत सरकवत सकाळ शोधून काढली. मला बघायचं नव्हतं, पण मी तिच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले.

आधी नुसतं रिकामं टेबल. टेबलावर धिरडं. मागे मोटरीची घरघर. मग फ्रिजच्या आडून नात आली, एक मूठ घट्ट मिटलेली. दुसऱ्या हाताने तिने खुर्ची ओढली, ओढत ओढत ओट्यापाशी आणली आणि वर चढली. तिचा चेहरा मोठा होत होत नुसतं नाक आणि तोंड उरलं.

"मम्मी, आ कल."

ती थांबली. वाट बघितली.

"आ कल ना."

मग तिने स्वतःचंच तोंड मोठं उघडून दाखवलं, कसं उघडायचं ते. मी भरवताना उघडते, तसंच. मग चिमुकला तळहात पुढे आला आणि सगळं काळं झालं. चित्र गेलं तरी आवाज चालू होता. त्या काळोखात ती म्हणाली, "शंपला. शाबाश मम्मी." आणि मग, "आता आजोबांचा."

मोबाइलवर काही दिसत नव्हतं, तरी सून बघतच होती. नात तिच्या कडेवरून बोट दाखवून सांगत होती, "मम्मीने खाल्ला." मग सुनेने पुढे होऊन नखाने काचेवरचा घास खरवडला. सुकला होता. तिने तो तोंडात टाकला.

"गूळ घातलाय," ती म्हणाली.

"घातलाय," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

तिने मान हलवली आणि त्या गोळ्याची वायर खेचून काढली. रडली बिडली नाही. ओट्यावरच्या डब्यात पोळ्या होत्या. त्यातली एक तिने ताटात कुस्करायला घेतली. तिला जमत नव्हतं, मोठे मोठे तुकडे राहत होते. मी ताट ओढून घेतलं. बूट काढून ती फ्रिजच्या आड जमिनीवर बसली, मी बसले आणि पोरगी दोघींच्या मध्ये. कोण कोणाला भरवतंय याला काही हिशोब राहिला नाही. जाऊ नका, असं ती मला म्हणाली नाही. "तपासणी बुडाली माझी," एवढंच म्हणाली. "उद्या साहेबांशी बोलेन." आणि मग, "आई, उद्यापासून तिला मी उठवते. मी खाऊन जाईन, तिच्याबरोबर."

आता तसंच चालतं. पोरगी अर्धवट झोपेत असते, केस विस्कटलेले. सून कंपनीचा शर्ट घालून खाली बसते, मुलालाही बसायला लावते. कधी धपाटं-दही, कधी मुरमुऱ्यांचा सुशीला, कधी ते केळ्याचं धिरडंसुद्धा. आपल्या ताटातलं पोरगी टाकते, पण आईच्या ताटातलं उचलून खाते. गूळ आता चिमूटभरच घालते, तेवढं मी सुनेचं ऐकलं. दार बंद होताना पोरगी रडते, नाही असं नाही. पण आई गेल्याचं ती डोळ्यांनी बघते आणि मग तिला न्हाणीघरात शोधत बसत नाही. कधी बस चुकते, मग मुलाला तिला थेट शेंद्र्यापर्यंत सोडावं लागतं. सोडू दे.

मुलाचं मात्र अजून राहिलं आहे. त्या संध्याकाळी बायकोने त्याला ते चित्रण दाखवलं. त्याने दोनदा बघितलं. मग माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मला वाटलं..."

"काय वाटलं?" मी विचारलं.

तो तसाच उभा राहिला आणि मग जेवायला गेला. कॅमेरा माळ्यावर गेला, पण वाक्य तिथंच अडकलं. परवा बूट घालता घालता म्हणाला, "आई, ती पिशवी अजून भरलेलीच का ठेवलीस?" कारण ती मी चपलांच्या कपाटावर ठेवली आहे, रोज निघताना त्याला दिसेल अशी. मी जाणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. सुनेची नोकरी आहे, पोरीची न्याहारी आहे, मी कशी जाईन?

"तुझं वाक्य पूर्ण झालं की रिकामी करीन," मी म्हटलं.